यंत्र मागणारा माणूस

१९८३ साली अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे इलिनॉय विद्यापीठातून एक प्रस्ताव गेला. तो कुणी मागवलेला नव्हता. महासंगणक केंद्रांसाठी अर्ज करा अशी जाहिरात फाउंडेशनने काढली नव्हती, आणि अशी केंद्रं विद्यापीठांत चालवण्याची योजनाही तेव्हा अस्तित्वात नव्हती. दहा पानांचा मजकूर आणि वर काळं मुखपृष्ठ. त्या रंगावरून पुढे त्याचं नावच ‘ब्लॅक प्रपोजल’ पडलं. मागणी अशी होती, की विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांना आणि अभियंत्यांना आपल्या कामासाठी सर्वांत वेगवान संगणक वापरता यावा. मागणारे होते पस्तिशीचे खगोलभौतिकशास्त्रज्ञ लॅरी स्मार आणि त्यांचे सात सहकारी प्राध्यापक.

दोन वर्षांनी, १९८५ मध्ये, फाउंडेशनने इलिनॉय, कॉर्नेल, सॅन दिएगो आणि प्रिन्स्टन अशा चार ठिकाणी राष्ट्रीय महासंगणक केंद्रं जाहीर केली. पिट्सबर्गचं पाचवं केंद्र पुढच्या वर्षी आलं. इलिनॉयच्या केंद्राचं नाव नॅशनल सेंटर फॉर सुपरकॉम्प्युटिंग ॲप्लिकेशन्स, म्हणजे एनसीएसए. जानेवारी १९८६ मध्ये ते सुरू झालं. स्मार त्याचे पहिले संचालक झाले आणि २००० सालापर्यंत त्या पदावर राहिले. नंतर कॅलिफोर्नियात त्यांनी आणखी एक संस्था उभी केली आणि तीही वीस वर्षं चालवली. कृष्णविवरांवर प्रबंध लिहिलेल्या या माणसाचं निम्म्याहून अधिक आयुष्य प्रस्ताव लिहिण्यात, माणसं नेमण्यात, यंत्रांच्या वेळेची वाटणी करण्यात आणि पैसे देणाऱ्यांना उत्तरं देण्यात गेलं.

हे पुस्तक त्या कामाविषयी आहे.

विद्यापीठातल्या संशोधनाचा कारभार पाहणारा माणूस म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे फायलींवर सह्या करणारा अधिकारी येतो. शोध लावणारे वेगळे आणि त्यांच्या मंजुऱ्या पाहणारे वेगळे, असं आपण धरून चालतो. चरित्रं पहिल्यांची लिहिली जातात. संगणकाच्या क्षेत्रात ही विभागणी मला फार अपुरी वाटते. इथे संशोधनाचं साधन इतकं महाग आणि इतक्या लवकर जुनं होणारं असतं, की ते कुणाच्या हाती पडावं, कुणी किती वेळ वापरावं आणि ते चालवायला शिकवणार कोण, हे ठरवणारा माणूस संशोधनाची दिशाच ठरवत असतो. स्मार यांची कारकीर्द निवडण्याचं कारण हेच. त्यांनी क्रे संगणक मिळवला हे मोठं काम होतंच. पण त्या संगणकापर्यंत साध्या टेबलावरच्या यंत्रावरून पोचता यावं म्हणून त्यांच्या केंद्रात जी लहान लहान, फुकट वाटलेली साधनं तयार झाली, त्यांना वाव देणं हे मला त्याहून मोठं वाटतं. तो वाव त्यांना द्यावासा वाटला, कारण ते स्वतः अनेक वर्षं दुसऱ्याच्या दारात उभे राहिलेले वापरकर्ते होते.

ते दार कुठलं, हे आधी सांगायला हवं.

टेक्सास विद्यापीठात ब्राइस डविट यांच्या मार्गदर्शनाखाली स्मार यांनी १९७५ साली पीएच.डी. पूर्ण केली. विषय होता दोन कृष्णविवरांची टक्कर. आइन्स्टाइनच्या व्यापक सापेक्षतेची समीकरणं दहा, आणि सगळी एकमेकांत अडकलेली. एकटं, शांत कृष्णविवर असेल तर त्यांचं उत्तर कागदावर काढता येतं. दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळू लागली की कागद-पेन्सिल संपते. अवकाश आणि काळ यांचे बारीक तुकडे पाडायचे आणि एकेका तुकड्यावर एकेक क्षण पुढे सरकत आकडेमोड करत राहायची, एवढाच मार्ग उरतो. स्मार आणि केनेथ एप्ली यांनी सत्तरीच्या दशकात समोरासमोरची टक्कर घेतली, कारण तिच्यात एक सममिती असते आणि त्यामुळे काम तीन मितींतून दोन मितींवर येतं. तेवढ्यासाठीसुद्धा त्या वेळची सर्वांत मोठी यंत्रं लागत होती.

आणि ती यंत्रं शस्त्रांच्या प्रयोगशाळांत होती. अण्वस्त्रांच्या आराखड्यांसाठी बनलेले संगणक लिव्हरमोरला होते. तिथे काम करायचं तर अणुगुप्ततेची सरकारी परवानगी लागे. स्मार यांनी ती मिळवली. ताऱ्यांचा अभ्यास करणाऱ्या माणसाला आपल्या समीकरणांपर्यंत जाण्यासाठी कुंपण ओलांडून, ओळखपत्र दाखवून, बॉम्बच्या कारखान्यात शिरावं लागत होतं. दुसरा रस्ता परदेशातून जाई. म्युनिकजवळच्या माक्स प्लांक संस्थेत क्रे संगणक होता आणि तिथल्या विद्यापीठीय शास्त्रज्ञांना तो खुला होता. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला स्मार तिथे जाऊन मायकेल नॉर्मन आणि कार्ल-हाइन्त्स विंकलर यांच्याबरोबर दीर्घिकांतून सुटणाऱ्या वायूच्या झोतांवर काम करू लागले. यंत्र अमेरिकेत बनलेलं, वापरणारा अमेरिकन, आणि वापरायला जायचं जर्मनीत. या विसंगतीचा उल्लेख पुढे त्यांनी जिथे जिथे पैसे मागितले तिथे तिथे केला, आणि वॉशिंग्टनमधल्या मंडळींना कुठल्याही तक्त्यापेक्षा ती लवकर पटली असावी.

ही उणीव एकट्या स्मार यांना दिसत होती असं नाही. सत्तरीच्या दशकात फाउंडेशनने विद्यापीठांच्या संगणक केंद्रांना देत असलेला आधार काढून घेतला होता. १९८२च्या अखेरीस न्यूयॉर्क विद्यापीठाच्या कूरंट संस्थेतले गणिती पीटर लॅक्स यांच्या समितीने अहवाल दिला: देशातलं विद्यापीठीय विज्ञान मोठ्या संगणकांपासून तुटलेलं आहे आणि हे धोक्याचं आहे. लॅक्स यांना या विषयाची किंमत ठाऊक होती. १९७० साली युद्धविरोधी आंदोलकांनी कूरंट संस्थेतला संगणक ताब्यात घेऊन तिथे पेटतं स्फोटक ठेवलं, तेव्हा आत धावत जाऊन वात विझवणाऱ्यांत ते होते. त्याच वर्षी इलिनॉयच्या आवारातही ‘इलियाक-४’ या संगणकावरून आंदोलन पेटलं, कारण त्याचा पैसा संरक्षण खात्याचा होता. शेवटी ते यंत्र विद्यापीठात न ठेवता कॅलिफोर्नियात नासाच्या एम्स केंद्राकडे गेलं. महासंगणक आणि लष्कर यांची गाठ विद्यापीठांना किती महाग पडते हे दोन्ही आवारांनी पाहिलं होतं. नागरी फाउंडेशनच्या पैशावर, कुणालाही अर्ज करता येईल असं केंद्र मागण्यामागे ती आठवणही होती असं मला वाटतं, जरी प्रस्तावाची भाषा वैज्ञानिक गरजांचीच होती.

शिकागोच्या दक्षिणेला दोनशेहून अधिक किलोमीटरवर, मक्याच्या आणि सोयाबीनच्या शेतांमध्ये वसलेलं अर्बाना-शँपेन हे गाव बाहेरून पाहणाऱ्याला अशा कामासाठी आडवळणाचं वाटेल. पण तिथे १९५२ साली विद्यापीठाने स्वतः ‘इलियाक’ बांधला होता, आणि १९६० पासून डोनाल्ड बिट्झर ‘प्लेटो’ या संगणकावर चालणाऱ्या शिक्षणपद्धतीवर काम करत होते. मोठं यंत्र चालवणारी, दुरुस्त करणारी, रात्री त्याच्याशी झटणारी माणसं गावात होती. संचालकाला पहिल्या दिवशी यंत्राआधी ही माणसं लागतात.

आता या पदावरच्या कामाकडे येतो. बाहेरच्यांना ते सर्वांत कमी माहीत असतं. एनसीएसएने घेतलेला क्रे एक्स-एमपी हा सुमारे दीड कोटी डॉलर किमतीचा संगणक. त्याची किंमत एकदा द्यायची असते, पण वीज, थंडावा, देखभाल, तंत्रज्ञ आणि सल्लागार यांचा खर्च दर महिन्याला येतो. फाउंडेशनचा निधी पाच वर्षांचा. पाच वर्षांनी पुन्हा प्रस्ताव, पुन्हा पाहणीला येणारी समिती, पुन्हा प्रश्न: तुमच्या यंत्रावर कोणतं विज्ञान झालं? यंत्र तोवर जुनं झालेलं असतं. म्हणजे पहिलं यंत्र चालू होत असतानाच संचालकाने दुसऱ्याची तयारी सुरू करायची. केंद्रातल्या बहुतेकांचे पगार या निधीतून होतात. विद्यापीठाच्या कायम पदांवर त्यांतले थोडेच. संचालकाच्या सहीखाली शेकडो घरं असतात आणि ती सही पाच-पाच वर्षांच्या भरवशावर असते.

वेळेच्या वाटणीचा प्रश्न आणखी नाजूक. या केंद्रांमध्ये विद्यापीठीय संशोधकाला यंत्राचे तास विकत घ्यावे लागत नसत. तो अर्ज करी, त्याच्या क्षेत्रातले जाणकार तो वाचत आणि तास मंजूर करत. नवख्याला हात बसवण्यापुरते थोडे तास सहज मिळत. मोठी मागणी समितीपुढे जाई. ऐकायला हे सोपं वाटतं. पण प्रत्यक्षात रसायनशास्त्रज्ञाला रेणूंसाठी, हवामानशास्त्रज्ञाला वादळासाठी, अभियंत्याला हवेच्या झोतासाठी तेच तास हवे असतात, आणि संचालक स्वतः खगोलभौतिकीतला. आपल्या जुन्या विषयाला झुकतं माप दिलं असा संशय एकदा आला की केंद्र राष्ट्रीय उरत नाही. स्मार यांनी कृष्णविवरांचं स्वतःचं काम हळूहळू बाजूला ठेवलं त्याला वेळेची टंचाई हे कारण होतंच; पदाची ही अडचणही मला त्यामागे दिसते.

पैशाचे दुसरे झरेही शोधावे लागत. १९८६ मध्ये ईस्टमन कोडॅक ही केंद्राची पहिली औद्योगिक भागीदार झाली. पुढे कॅटरपिलरसारख्या कंपन्या आल्या. कॅटरपिलरचे अभियंते त्रिमितीय आभासी चित्रात बसून मातकामाच्या अवाढव्य यंत्राच्या चालकाला केबिनमधून काय दिसेल हे यंत्र बांधण्याआधीच तपासू लागले. आर्नोल्ड बेकमन आणि मेबल बेकमन यांनी १९८५ साली विद्यापीठाला ४ कोटी डॉलर दिले, त्यातून उभ्या राहिलेल्या इमारतीत केंद्रालाही जागा मिळाली.

या सगळ्यात धोका किती होता ते प्रिन्स्टनच्या केंद्राने दाखवलं. जॉन फॉन नॉयमन यांचं नाव दिलेलं ते केंद्र ईटीए कंपनीच्या नव्या संगणकावर विसंबलं. एप्रिल १९८९ मध्ये कंट्रोल डेटाने ती कंपनीच बंद केली. पुढच्या वर्षी फाउंडेशनचा निधी थांबला आणि केंद्र मिटलं. तिथले शास्त्रज्ञ कुणापेक्षा कमी नव्हते. यंत्राच्या निवडीचा एक निर्णय फसला.

इलिनॉयला मात्र सुरुवातीपासून एक गोष्ट लक्षात आली होती, आणि या पुस्तकाचा मध्यभाग मी तिलाच दिला आहे. क्रे कितीही वेगवान असला तरी तो एका खोलीत, आणि त्याचे वापरकर्ते देशभर विखुरलेले. त्यांच्या टेबलावर मॅकिन्टॉश किंवा पीसी. त्या छोट्या यंत्रातून क्रेशी बोलायचं कसं? केंद्रातल्या तरुणांनी ‘एनसीएसए टेलनेट’ लिहिलं. त्यामुळे टेबलावरचा साधा संगणक जाळ्यावरच्या मोठ्या संगणकांशी, एकाच वेळी एकाहून अधिक संगणकांशी, जोडता येऊ लागला. ते फुकट वाटलं. पुढचा प्रश्न: आकडेमोडीतून बाहेर पडणारे लक्षावधी आकडे एका यंत्रावरून दुसऱ्यावर न्यायचे तर प्रत्येकाची साठवण वेगळी. म्हणून एचडीएफ ही सामायिक मांडणी तयार झाली. पुढे नासाने पृथ्वीनिरीक्षणाच्या उपग्रहांच्या माहितीसाठी तीच स्वीकारली. तीही फुकट.

आणि आकडे पाहायचे कसे? इथे स्मार यांच्या केंद्राने एक अनपेक्षित नेमणूक केली. डोना कॉक्स या चित्रकलेच्या प्राध्यापिका. त्यांना शास्त्रज्ञांच्या शेजारी बसवलं. वादळांचे अभ्यासक रॉबर्ट विल्हेल्मसन यांच्या आकडेमोडीतून १९८९ साली एका तीव्र मेघगर्जनी वादळाची चित्रफीत तयार झाली. हवा कुठून शिरते, कशी वर खेचली जाते, गारवा कुठे पसरतो, हे रंगीत फिती आणि गोलांतून डोळ्यांना दिसू लागलं. कागदावरच्या आकड्यांच्या थप्पीतून विल्हेल्मसन यांना जे तुकड्यातुकड्याने समजत होतं ते एका दृष्टिक्षेपात समोर आलं. चित्रकाराचा पगार महासंगणक केंद्राच्या अंदाजपत्रकात बसवणं, आणि पाहणीला आलेल्या समितीला त्याचं कारण समजावणं, हे संचालकाचं काम होतं. कुठल्याही शोधनिबंधात त्याची नोंद सापडणार नाही.

केंद्रांना जोडणारं जाळं हा स्वतंत्र मोठा विषय आहे. इथे एवढंच नोंदवतो की १९८६ साली फाउंडेशनने पाच केंद्रं जोडण्यासाठी एनएसएफनेट उभं केलं तेव्हा त्याचा वेग सेकंदाला ५६ हजार बिट होता. १९८८ मध्ये तो १५ लाखांवर नेला. महासंगणकापर्यंत पोचण्यासाठी बांधलेला हा रस्ता बघता बघता अमेरिकेतल्या सगळ्या विद्यापीठांचा राजमार्ग झाला आणि ३० एप्रिल १९९५ रोजी बंद करून खासगी जाळ्यांच्या हवाली केला गेला. आजचं इंटरनेट त्या रस्त्यावर वाढलं.

त्याच रस्त्यावर मोझॅक आलं.

१९८३च्या प्रस्तावात ब्राउझरचा उल्लेख असणं शक्यच नव्हतं. वेब तेव्हा जन्मालाही आलेलं नव्हतं. टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत १९८९ मध्ये त्याची कल्पना मांडली आणि १९९१ पर्यंत ते बाहेरच्या जगाला खुलं झालं. एनसीएसएच्या सॉफ्टवेअर गटात जोसेफ हार्डिन प्रमुख होते. तिथे मार्क अँड्रीसन हा पदवीचा विद्यार्थी तासाला ६.८५ डॉलर मोबदल्यावर काम करत होता. त्याने केंद्रातले प्रोग्रॅमर एरिक बीना यांना सोबत घेतलं. जानेवारी १९९३ मध्ये मोझॅकची पहिली आवृत्ती युनिक्सच्या यंत्रांसाठी बाहेर पडली. त्याच वर्षाच्या उत्तरार्धात मॅकिन्टॉश आणि विंडोजच्या आवृत्त्या आल्या. मजकुराच्या शेजारी, त्याच पानावर चित्र; बोटाच्या एका दाबाने पुढचं पान; आणि बसवायला सोपं. आधीचे ब्राउझर होते, पण घरी-दारी कुणालाही वापरता येईल असं हे पहिलंच. मोझॅकच्या बाजूला त्याच केंद्रात रॉब मकूल यांनी पानं पुरवणारा सर्व्हर लिहिला. ते केंद्र सोडून गेल्यावर त्या सर्व्हरच्या वापरकर्त्यांनी आपापल्या दुरुस्त्या एकत्र केल्या आणि १९९५ मध्ये त्यातून अपाची उभा राहिला.

मोझॅकचं श्रेय ते लिहिणाऱ्यांचं. स्मार यांनी त्याची एक ओळही लिहिली नाही. पण सात-आठ वर्षं त्या केंद्रात टेबलावरच्या माणसासाठी फुकट साधनं करण्याची परंपरा चालू होती. टेलनेट तिच्यातलं, एचडीएफ तिच्यातलं, मोझॅकही तिच्यातलंच. महासंगणक केंद्राने ब्राउझर का लिहावा, हा प्रश्न विचारून ते काम थांबवता आलं असतं. निधीच्या अटींकडे बोट दाखवून ते थांबवणं कुठल्याही संचालकाला सोपं गेलं असतं, आणि कुणी त्याला दोषही दिला नसता.

याच प्रकरणात त्या कारभाराची मर्यादाही दिसते आणि ती झाकायची मला इच्छा नाही. डिसेंबर १९९३ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये मोझॅकवर मोठा लेख आला, त्यात केंद्राचे प्रमुख ठळकपणे होते, प्रोग्रॅम लिहिणाऱ्या तरुणांची नावं नव्हती. अँड्रीसन त्याच सुमारास पदवी घेऊन कॅलिफोर्नियाला गेला. पुढच्या वसंतात तो उद्योजक जिम क्लार्क यांना घेऊन परत आला आणि मोझॅकच्या गटातल्या बहुतेकांना नव्या कंपनीसाठी घेऊन गेला. कंपनीच्या नावात ‘मोझॅक’ होतं, विद्यापीठाने हरकत घेतली, तिचं नाव नेटस्केप झालं. विद्यापीठाने मोझॅकचे हक्क स्पायग्लास या कंपनीला दिले. तिच्याकडून ते मायक्रोसॉफ्टकडे गेले आणि १९९५च्या इंटरनेट एक्सप्लोररच्या माहितीच्या चौकटीत एनसीएसए मोझॅकचा उल्लेख छापला गेला. कडवटपणा बराच काळ राहिला.

निधीवर जगणाऱ्या केंद्राला हुशार प्रोग्रॅमर घडवता येतो, पण त्याला देण्यासारखं कायम पद त्याच्याकडे नसतं. प्राध्यापकाला शोधनिबंधाचं श्रेय मिळतं, विद्यार्थ्याला पदवी मिळते. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याचं श्रेय नोंदवणारी वहीच विद्यापीठाकडे नव्हती. अशा वेळी वर्तमानपत्राचा माणूस आला की संचालकाने त्याला आधी त्या तरुणांच्या खोलीत न्यायला हवं. हे लहान काम आहे आणि इलिनॉयला ते राहून गेलं, असं माझं स्पष्ट मत आहे. स्मार यांच्याविषयी मला आदर आहे, आणि तो बाळगूनच हे लिहितो.

१९९७ मध्ये फाउंडेशनने जुनी केंद्रयोजना संपवून दोन मोठ्या भागीदाऱ्या निवडल्या. त्यांतली एक इलिनॉयच्या नेतृत्वाखाली होती. कॉर्नेल आणि पिट्सबर्ग वगळले गेले. २००० साली स्मार सॅन दिएगोला गेले आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो आणि अर्व्हाइन या दोन आवारांत मिळून ‘कॅलआयटी-टू’ ही संस्था सुरू केली. राज्याने १० कोटी डॉलर द्यायचे आणि संस्थेने बाहेरून त्याच्या दुप्पट उभे करायचे, अशी अट होती. तिथे प्रकाशतंतूंनी प्रयोगशाळांना थेट जोडण्याचा ‘ऑप्टआयप्यूटर’ प्रकल्प झाला. स्वतःच्या रक्ताच्या आणि आतड्यांतल्या जिवाणूंच्या चाचण्या वर्षानुवर्षं नोंदवत त्यांनी डॉक्टरांच्या आधी आपला क्रोन आजार ओळखला, हीही त्याच काळातली गोष्ट. तिच्यावर बरंच लिहिलं गेलं आहे. या पुस्तकात तिला मी एकच प्रकरण दिलं.

कृष्णविवरांचं काय झालं? १९९३ मध्ये फाउंडेशनने अनेक विद्यापीठांना एकत्र आणून दोन कृष्णविवरांच्या टकरीवर मोठा प्रकल्प सुरू केला. इलिनॉयचा गट त्यात होता, पण एकमेकांभोवती फिरत एकरूप होणाऱ्या कृष्णविवरांची पूर्ण आकडेमोड फ्रान्स प्रिटोरियस यांनी २००५ मध्ये केली. १४ सप्टेंबर २०१५ रोजी लायगोच्या यंत्रांनी अशाच टकरीतून आलेली गुरुत्वीय लहर प्रत्यक्ष टिपली. स्मार यांनी पीएच.डी.ला घेतलेला प्रश्न चाळीस वर्षांनी सुटला तेव्हा उत्तरावर त्यांची सही नव्हती. २०१४ मध्ये अमेरिकेत त्यांना गोल्डन गूज पुरस्कार मिळाला, तो कृष्णविवरांच्या निरुपयोगी वाटणाऱ्या अभ्यासातून जगाच्या उपयोगाचं काय काय निघालं याच्या गौरवासाठी.

मराठी वाचकाच्या दृष्टीने या गोष्टीला एक जवळची बाजू आहे. इलिनॉयला आलेल्या यंत्राच्याच वंशातला क्रे एक्स-एमपी भारताने बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेसाठी मागितला होता. अमेरिकेने तो दिला नाही. कमी ताकदीचा एक संगणक फक्त हवामानासाठी, अटी घालून, दिल्लीला दिला. त्यातून १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक स्थापन झालं आणि अकोला जिल्ह्यातून आलेल्या विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली परम ८००० हा महासंगणक तयार झाला. आपल्याकडे ही गोष्ट यंत्र बांधल्याची म्हणून सांगितली जाते आणि तो अभिमान योग्यच आहे.

पण १९८८ सालीच, पुण्यातच, पुणे विद्यापीठाच्या आवारात, दुसरी संस्थाही सुरू झाली: खगोलशास्त्राची आयुका. जयंत नारळीकर कोल्हापूरचे. केंब्रिजमधून परतून टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बरीच वर्षं काम केल्यावर त्यांनी ही संस्था उभारली आणि २००३ पर्यंत चालवली. आयुकाची रचना मला स्मार यांच्या कल्पनेला सर्वांत जवळची वाटते. ती एका विद्यापीठाची नाही. देशभरातल्या विद्यापीठांतले आणि महाविद्यालयांतले शिक्षक तिथे सहयोगी म्हणून येतात, ग्रंथालय, संगणक आणि सहकाऱ्यांची सोबत वापरतात आणि परत आपल्या वर्गात जातात. धुळ्याच्या किंवा गुवाहाटीच्या शिक्षकाला संशोधन सोडावं लागू नये एवढ्यासाठी ही व्यवस्था आहे. तिथेच संजीव धुरंधर आणि त्यांचे सहकारी बी. एस. सत्यप्रकाश नव्वदीच्या सुरुवातीला गुरुत्वीय लहरींचा क्षीण संकेत गोंगाटातून कसा वेचावा याच्या पद्धती बांधत होते. लायगोने पुढे ज्या पद्धतींनी शोध घेतला त्यांच्या पायात हे काम आहे. आता हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडियाची जागा ठरली आहे.

नारळीकरांच्या विज्ञानावर आणि विज्ञानकथांवर मराठीत भरपूर लिहिलं गेलं. त्यांनी आयुकाचे नियम कसे आखले, पाहुण्या शिक्षकांच्या राहण्याची सोय आराखड्यात आधीच का धरली, विद्यापीठ अनुदान आयोगाशी पत्रव्यवहार कसा केला, यावर फार थोडं. या पुस्तकाचा शेवटचा भाग मी त्याकडे वळवला आहे. त्याआधीच्या प्रकरणांत फाउंडेशनची अनुदानपद्धती, यंत्राच्या तासांच्या वाटपाचे नियम आणि केंद्रातल्या नेमणुका यांचा तपशील सविस्तर दिला आहे, कारण असं पद सांभाळणाऱ्या किंवा सांभाळू पाहणाऱ्या वाचकाला त्याचीच गरज पडेल. ज्याला फक्त मोझॅकची हकीकत हवी आहे त्याने सहावं प्रकरण आधी वाचलं तरी चालेल. मात्र मग तिसरंही वाचावं, टेलनेटचं.